कूलरशेजारचा कॉम्प्युटर

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही, म्हणून कपाटात परिपत्रकांच्या फाईलखाली ठेवणार. तिथं घरातलं कोणी हात घालत नाही. मीही घालत नाही.

काल संक्रांत. जालन्याला साडूभाऊंकडे गेल्तो. रामप्रसादराव, म्हणजे साधनाच्या मोठ्या बहिणीचे, प्रीतीताईंचे मिस्टर. बियाण्यांचा धंदा. टीव्हीखाली नवा गेमिंग कन्सोल आणून ठेवलेला. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "या साडूभाऊ, फुटबॉलची एक मॅच होऊन जाऊ द्या."

सात-शून्य.

कारणं : १) तिळगुळानं हात चिकट. २) मला खिडकीसमोर बसवलं. ३) सातपैकी एक गोल मीच माझ्या बाजूला मारला, तो खरं तर धरायला नको. माझी स्वतःची मुलगी आकांक्षा सगळ्यात जास्त हसली. नववीत आहे, समज कमी.

भोकरदनच्या ज्या कॉलेजात मी आहे तिथं माझा हुद्दा लिपिक. पण कॉम्प्युटर बंद पडला की लोक कोणाला हाक मारतात? अंगदला. चौदा वर्षं. आणि सात-शून्य.

२० जानेवारी
अभ्यास पूर्ण. कन्सोल म्हणजे बंद डबा. कंपनी देईल ते खेळायचं, बिघडला की कंपनीच्या दारात उभं राहायचं. त्यापेक्षा हॉलमध्ये टीव्हीला जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर! गेमही चालतो, सिनेमाही, कॉलेजचं कामही. पार्ट बदलता येतात. शिकल्यासवरल्या माणसाला शोभेल अशी वस्तू.

साधनाला सांगितलं. ती अंगणवाडीत सेविका, दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून येते. म्हणाली, "आपल्या घरी गेम खेळतं कोण?" म्हणालो, हेच तर बदलायचंय. घर एकत्र येईल. ती पीठ चाळत राहिली.

एक मे रोजी सुट्टी. साडूभाऊंना सहकुटुंब जेवायला बोलावलं. फोनवर फक्त एवढंच म्हणालो की एक गंमत दाखवायची आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदन उरकून संभाजीनगर. पार्ट आणले. कॅबिनेटला एका बाजूनं काच, आत रंगीत दिवे. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोन्ता देव हाय यात?" कॉम्प्युटर हाय म्हणालो. तरी उतरताना तिनं हात टेकवून नमस्कार केलाच. शुभशकुन.

खर्चाचा विषय या वहीत लिहायचा नाही असं ठरवलंय.

२ फेब्रुवारी, रविवार
जोडणी पूर्ण. तीन स्क्रू उरले. हे कंपनीवाले जास्तीचेच देतात.

टीव्हीवर चित्र आलं! फक्त चारी बाजूंनी थोडं कापलं जातं, त्यामुळे घड्याळ दिसत नाही. घड्याळ पाहायला कोण बसलंय.

हॉलमधला आईचा दिवाण आतल्या खोलीत हलवला. आई सत्तरीला टेकली, तिला शांतता लागतेच. संध्याकाळी सहाला ती टीव्हीवर कीर्तन लावते. आता टीव्ही कॉम्प्युटरवरून परत चॅनलवर आणायला थोडी प्रक्रिया आहे. मोठ्या अक्षरात नऊ पायऱ्या लिहून भिंतीला चिकटवल्या. आईला वाचता येत नाही, पण सवय लागेल.

९ फेब्रुवारी
स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. सतत. गेम चालू असो, बंद असो. जणू भिंतीत भुंगा कोंडलाय. असल्या आवाजात साडूभाऊंना बसवलं तर माझी इज्जत काय राहील?

संकल्प : १) घूं बंद करणे. २) रोज दोन तास फुटबॉलचा सराव. ३) रोज अर्धा तास आईजवळ बसणे.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२
घूं गेला!

इंटरनेटवर एका तज्ज्ञाचा व्हिडिओ सापडला. अर्थिंगमुळे स्पीकर घुमतो म्हणे. एक्स्टेंशन बोर्डाची पिन खोलली, आतली हिरवी वायर सोडवली, तिच्या तोंडाला काळी टेप गुंडाळली, पिन पुन्हा बंद. पाच मिनिटांचं काम. साधनाला मोबाईलचा टॉर्च धरायला लावलं. तिनं विचारलं, "ही वायर कशाची असती?" म्हणालो, जास्तीची.

काय शांतता! सुई पडली तरी ऐकू येईल.

१८ फेब्रुवारी
कॅबिनेटला हात लावला की बारीक गुदगुल्या होतात. पत्रा नवीन आहे म्हणून असावं.

सराव : कॉम्प्युटरविरुद्ध दोन-पाच हरलो. सोप्या लेव्हलवर. सुधारणा आहे.

१ मार्च
माऊस ठेवायला सपाट जागा नाही. सोफ्यावर बसून मांडीवर पोळपाट घेतला. उत्तम. उंची अशी की जणू त्यासाठीच बनवलाय. सात वाजता साधना पोळपाट न्यायला आली तेव्हा पेनल्टी चालू होती. थांब म्हणालो. भाकरी थापून जेवलो सगळे. बदल चांगला असतो.

८ मार्च
आकांक्षाच्या हाताला कॅबिनेटचा चटका बसला म्हणाली. भाजल्यासारखा नाही, झटक्यासारखा. टेस्टर लावून पाहिला. टेस्टरमधला दिवा पेटला.

टेस्टर जुना आहे. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळचा.

१७ मार्च
कॅबिनेटमागे पाल मरून पडलेली. वाळलेली. उन्हाळा आत्ताच एवढा, तर मेमध्ये काय होणार. मशीनच्या थंडाव्याची व्यवस्था केलीच पाहिजे.

आईजवळ बसायचं राहून जातंय. पुढच्या सोमवारपासून नक्की.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
गुढी उभी केली, आणि माळ्यावरून कूलर उतरवला. लोखंडी, हिरव्या रंगाचा, जालन्यात बनवून घेतलेला. दरवर्षी खिडकीत असतो. यंदा मला एक कल्पना सुचली. कूलर टीव्हीच्या शेजारी ठेवला, तोंड थोडं कॉम्प्युटरकडे. एकाच हवेत माणसंही गार आणि मशीनही गार. प्लग त्याच बोर्डात. आता हॉलमध्ये सगळं एका बटणावर.

साधना म्हणाली, "पाण्याची वस्तू अन् विजेची वस्तू जवळजवळ काहून?" तिला समजावलं की कूलरसुद्धा विजेचीच वस्तू आहे.

नवीन वर्षाचे संकल्प मागचेच.

५ एप्रिल
कूलरमध्ये पाणी भरायचं काम आईचं. पहिल्यापासूनच. कोणी करतो म्हटलं तरी ऐकत नाही, म्हणते तेवढंच माझ्या हातून होऊ द्या. दिवसातून तीन बादल्या.

आज म्हणाली, "अंगद, पानी टाकताना हाताला मुंग्या येऊन राह्यल्या रे. कोपरापर्यंत."

शुगर. या वयात हातापायांना मुंग्या म्हणजे शुगरच. उशिरा का होईना लक्षात आलं ते बरं झालं. पुढच्या शनिवारी दवाखाना.

१२ एप्रिल, शनिवार
आईची शुगर नॉर्मल. बीपी नॉर्मल. डॉक्टरनं विचारलं, मुंग्या कधी येतात? आई म्हणाली, "कूलरला हात लावला की." डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागला. म्हणाला, "घरातली वायरिंग दाखवून घ्या."

पोरगा नवीन आहे. दोन वर्षं झाली नसतील पास होऊन. स्वतःहून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या. आईला म्हणालो, फरक पडेल. म्हणाली, "तू म्हन्तो तर पडंल."

१५ एप्रिल
आज आईला हॉलमध्ये रबरी चपला घातलेलं पाहिलं. ही तीच बाई, जिनं आयुष्यभर कोणाला उंबऱ्याच्या आत चपला आणू दिल्या नाहीत. दादांनासुद्धा नाही. देव्हाऱ्याच्या समोरून चपला घालून गेली, बादली ओतली, बाहेर जाऊन चपला काढल्या, पाय धुतले, आत आली.

वय झालं की माणसाचं असं होतं. बोलून तिला ओशाळं कशाला करा.

१९ एप्रिल
मांजर हॉलमध्ये येईना. दरवर्षी एप्रिल-मे कूलरखाली काढते. आता उंबऱ्यात बसून नुसती कूलरकडे बघते. आकांक्षा म्हणाली, "पप्पा, तिला काहीतरी कळतंय." मांजराला काय कळणार. तिला गेमच्या आवाजाची भीती आहे.

सराव : तीन-तीन बरोबरी! मधल्या लेव्हलवर! एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

२२ एप्रिल. सायंकाळी ६.३०
साधनानं मला न विचारता वायरमन बोलावला. रखमाजी काका. साठीच्या पुढचे, आपल्या निम्म्या गल्लीची वायरिंग त्यांच्या हातची. मी कॉलेजातून आलो तर हॉलमध्ये उकिडवे बसलेले. कूलरला टेस्टर लावला, कॅबिनेटला लावला, पुन्हा कूलरला. त्यांचाही टेस्टर पेटला.

म्हणाले, "साहेब, बॉडीला करंट उतरून राह्यला. अर्थिंग तुटली कुठंतरी. हा बोर्ड खोलू द्या, दहा मिन्टाचं काम हाय."

बोर्ड खोलला की हिरवी वायर जोडणार. वायर जोडली की घूं. आणि एक तारीख आठ दिवसांवर. म्हणालो, काका, हे साधं काम नाही, यात ग्राफिक्स कार्ड आहे. एक तारीख होऊ द्या, दोनला सकाळी या, अख्ख्या घराचं काम तुम्हालाच.

ते उठले. चहा ठेवला होता, घेतला नाही. दारात साधनाला म्हणाले, "बाई, तंवर त्या कूलरला वल्ल्या हातानं कोनी हात नका लावू. अन् पाय जमिनीला लावून तर बिलकुल न्हाई." ती म्हणाली, "तुमी आत्ताच करा ना ते बंद, काका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घर माझं. ते गेले.

जुनी माणसं. करंट म्हटलं की घाबरतात. साधनानं काकांचा चहा मोरीत ओतला. एक तारखेनंतर निवळेल.

२३ एप्रिल
साधनानं कूलरचा प्लग काढून ठेवलेला. दुपारी बेचाळीस डिग्री. मशीन तापून बंद पडली, गेम सेव्ह झाला नव्हता. पुन्हा लावला. तिनं पुन्हा काढला. पुन्हा लावला. शेवटी तिला नीट बसवून सांगितलं की कोणालाही काही झालेलं नाही. गेले दोन महिने कोणालाही काहीही झालेलं नाही. हा पुरावा आहे.

ती म्हणाली, "मंग पानी तुम्ही भरत जा."

बरोबर आहे. उद्यापासून पाणी मी भरणार. संकल्प.

२४ एप्रिल
कॉलेजला घाई होती. पाणी आईनं भरलं.

२७ एप्रिल, रविवार
आज पाणी मी भरलं. एक बादली. चपला घालून. काहीही झालं नाही. थोडंसं झालं. दंडापर्यंत.

एक तारीख जवळ आली म्हणून मनावर ताण आहे, त्यामुळे अंग संवेदनशील होतं.

२९ एप्रिल
कूलरच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता मधूनच घर्र. त्यात एक जळकट वास. उदबत्ती लावली.

तयारी : पुरणपोळ्या साधना. सोफ्याच्या खोळी धुतल्या. दोन वायरलेस कंट्रोलर चार्ज. साडूभाऊंना खिडकीसमोर बसवायचं.

१ मे, गुरुवार. सकाळी ७.३०
झेंडावंदनाला निघतोय. मशीन चालू करून पाहिली, एकदम राजेशाही. फक्त अपडेट मागते आहे. संध्याकाळी कर म्हणून सांगितलं. आज माझा दिवस.

१ मे. दुपारी १२.१०
आले. रामप्रसादराव, प्रीतीताई. रामप्रसादरावांनी कॅबिनेटकडे पाहून म्हटलं, "हे काय, फिश टँक?" हसू द्या. जेवणं झाली की बघू. कूलर फुल. हॉल गार पडलाय. आईला सांगितलं, आज पाहुणे आहेत, कूलर रिकामा पडू देऊ नको.

३ मे, शनिवार. जालना, हॉस्पिटल
बसायला बाकडं आहे. वही पिशवीत राहून गेल्ती. लिहितो.

जेवणानंतर मॅच सुरू झाली. मी एक-शून्यनं पुढं होतो. खरंच होतो, पहिल्या पाच मिनिटांत गोल झाला, आकांक्षा ओरडलीसुद्धा. रामप्रसादराव सरसावून बसले. प्रीतीताई नि साधना दारात. आई बादली घेऊन आली. मला टीव्हीच्या कडेनं तिचं लुगडं दिसलं.

चपला घातल्या नव्हत्या. पाहुणे बसलेले, सुनेच्या माहेरचे जावई समोर, लाजली असणार.

मला पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बादली पडली. मी म्हणालो, आई, हळू. वळून पाहिलं नाही. मग एक आवाज येत राहिला, तो मला कंट्रोलर थरथरतो तसा वाटला. मी कंट्रोलरकडे पाहिलं. आई कूलरला टेकून उभी होती, एक हात वरच्या कडेवर, मान मागं. मला वाटलं दमली.

साधना धावली. आकांक्षा किंचाळली, "मम्मी, हात नको लावू!" आणि तिनं मागून आईला, म्हणजे साधनाला, कमरेला मिठी मारून मागं ओढलं. रामप्रसादरावांनी कंट्रोलर फेकला आणि अनवाणी बाहेरच्या ओट्यावर पळाले, मेन स्विच तिथं आहे हे त्यांना कसं माहीत कोण जाणे, आल्यावर मोटारसायकल लावताना दिसला असेल.

खट झालं. सगळं बंद. आई खाली पडली.

हे फक्त इथं लिहितो. लाईट गेली तेव्हा मी पहिल्यांदा टीव्हीकडे पाहिलं. माझी मॅच गेली म्हणून. अर्धा क्षण. त्यानंतर आईकडे.

रामप्रसादरावांनी छाती दाबली. आकांक्षा आजीला हाका मारत राहिली. मी काय करत होतो आठवत नाही. हातात कंट्रोलर होता असं साधना म्हणते. शेजाऱ्यांच्या गाडीत बसवलं तेव्हाही होता.

४ मे
आई शुद्धीवर. उजवा तळहात भाजलाय, दोन बोटं काळी पडलीत. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून आहेत. दहा दिवस राहावं लागेल म्हणे.

कूलर फार जुना होता. सात वर्षांचा. मोटार हलकी बसवली होती बनवणाऱ्यानं. पाणी क्षाराचं. शिवाय त्या दिवशी ऊन विचित्र होतं. यातली एक गोष्ट जरी नसती तरी काही झालं नसतं.

भेटायला माणसं येतात. तीर्थपुरीची मावशी आली, तिनं विचारलं, कसं झालं गं उषा? मी पाण्याची बाटली भरायला उठलो होतो. दारात थांबलो.

आई म्हणाली, "मव्हाच हात वल्ला व्हता. पदराला पुसायचं इसरले."

मावशी म्हणाली, "तुला कितीदा सांगितलं, सावकाश करत जा."

"हो ना," आई म्हणाली. "घाईच लई."

मी बाटली भरून आणली. त्यानंतर सहा-सात जण आले. दर वेळी तेच. हात वल्ला व्हता. मी दर वेळी तिथंच होतो.

६ मे, मंगळवार. भोकरदन
कपडे न्यायला घरी आलो. साधना सोबत. तिनं रखमाजी काकांना बोलावून ठेवलं होतं. दोन तारखेला या म्हणालो होतो, चार दिवस उशीर झाला एवढंच.

त्यांनी आधी कूलर खोलला. मोटारीची वायर पाण्यात कुजून उघडी पडलेली. मी म्हणालो, बघा, मोटार. ते म्हणाले, "मोटार तर सगळ्यांचीच जाती साहेब. अर्थिंग असली की फ्यूज उडतो, मानूस वाचतो." मग बोर्डाची पिन खोलली. हिरवी वायर. तोंडाला काळी टेप, नीट, तीन वेढे.

विचारलं, "ही कोनी सोडवली?"

मी म्हणालो, दुकानातूनच तसा आला असेल बोर्ड.

रखमाजी काका टेपेकडे बघत राहिले. मी भिंतीकडे. तिथं नऊ पायऱ्या चिकटवलेल्या होत्या, आईसाठी.

साधना म्हणाली, "टॉर्च मी धरला होता, काका."

मोठ्यानं नाही, रागानं नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं. काकांनी मान हलवली आणि वायर जोडायला घेतली. मी म्हणालो, काका, चहा? ते म्हणाले, नको.

बसमध्ये साधना खिडकीशी बसली, पिशवी आमच्या दोघांच्या मधे ठेवली. जालना येईपर्यंत पिशवी तिथंच.

१० मे
आकांक्षा मला पप्पा म्हणते, पण विचारल्याचं तेवढंच उत्तर देते. रामप्रसादराव रोज डबा घेऊन येतात. एका शब्दानं बोलत नाहीत. बोलले असते तर मला सांगता आलं असतं मोटारीचं.

संकल्प : आईला खरं काय ते सांगणे. ती एकटी असताना.

१२ मे
आई एकटी होती. शेजारच्या बेडवरची बाई झोपलेली. मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, आई, ती जी वायर होती ना.

आईनं डाव्या हातानं माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली. म्हणाली, "जेवला का तू?"

म्हणालो, जेवलो. जेवलो नव्हतो. उद्या सांगणार.

१५ मे, गुरुवार
डिस्चार्ज. दोन बोटांना काही कळत नाही, कळेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. घरी आल्यावर उंबऱ्यात थांबली, वाकून डाव्या हातानं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, मग आत.

तिचा दिवाण मी परत हॉलमध्ये आणला. एकट्यानं ओढला. कोणी सांगितलं नव्हतं. साधनानं पाहिलं.

१८ मे, रविवार. दुपारी ४
हॉलमध्ये आई आणि मी. साधना नि आकांक्षा बाजारात. कूलर भंगारात गेला, आता वरचा पंखाच. घराची वायरिंग पक्की झाली. रखमाजी काकांनी दोनदा तपासली, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा टाकला. कॉम्प्युटर टीव्हीशेजारी आहे. त्यावर साधनाचं जुनं पातळ टाकून ठेवलंय. टेस्टर लावून पाहिला, काही नाही. घूं परत आला असणार, पण ऐकायला चालूच केलेला नाही.

आई दिवाणावर पाय सोडून बसली होती. पातळाकडे बघत होती. म्हणाली, "अंगद, त्या दिवशी तू जिंकून राह्यला होता म्हने. आकांक्षा सांगत होती दवाखान्यात."

म्हणालो, एक-शून्य होतं. फार काही नाही.

"मला कुठं दिसलं. मव्ही पाठ होती." मग म्हणाली, "लाव की ते. बघू दे मला एकदा, कसा खेळतो."

मी उठलो. कॉम्प्युटरपाशी गेलो. पातळाला हात लावला. आत करंट नव्हता, पत्रा गारच होता, काकांनी शंभरदा सांगितलंय आता काही होत नाही. बोर्डाच्या बटणावर बोट ठेवलं. बोट खाली जाईना.

म्हणालो, "लाईट न्हाई, आई."

आईनं वर पाहिलं. पंखा फिरत होता. तिच्या कपाळावरचे केस त्या हवेनं हलत होते. तिनं पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"बरं," म्हणाली. "आली की लाव."